डोंगरापलीकडचं इस्पितळ

१२ जानेवारी २०११
रनीटा पुन्हा तेच घेऊन बसली. मुलगी माझी, पण बोलते वसुलीवाल्यासारखी. मेडिकेअरमधला, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्यातला, डॉक्टरांचा भाग घ्या, मार्चअखेर मुदत आहे. म्हटलं, मी लढाईवर गेलेला माणूस. सैनिकांचं इस्पितळ जन्मभर माझं आहे. "पण बाबा, ते डोंगरापलीकडे आहे," म्हणाली. मग ओलांडतो डोंगर! जेव म्हटलं नाही तिला.

१९ जानेवारी
पट्टीचा दिवस. साखरेने उजवं पाऊल सडवलंय, दर बुधवारी जावंच लागतं. हा पाय घेऊन मला गाडी चालवता येत नाही, म्हणून बायको, वेल्डा, चालवते. कशी? गोगलगायीसारखी. दोन तासांचे तीन झाले. मागचे ट्रकवाले भोंगे मारतात, मी शिव्या घालतो, बाईसाहेब ढिम्म. गावातल्या इस्पितळातही हीच पट्टी करतात, घरापासून दहा मिनिटांवर. पण तिथे मेडिकेअर लागतं.

८ फेब्रुवारी
रनीटाने मेडिकेअरच्या कचेरीत नेलंच. खिडकीत नातीच्या वयाची पोर, च्युइंगम चघळत. म्हणाली, पासष्टीला घेतलं नाहीत, पाच वर्षं उलटली, वर्षाला दहा टक्के दंड. म्हणजे हप्ता दीडपट, मरेपर्यंत. आणि आज नाव घातलं तरी लागू जुलैपासून. म्हटलं, सैनिकांचा दवाखाना होता ना मला?
"तो धरत नाहीत. इथल्या कोळशाच्या खाणीत नोकरीवर असतात आणि तिथला विमा असता, तर दंड पडला नसता."
कोळसा चालतो, बंदूक चालत नाही. म्हटलं, व्हिएतनामला बोलावलं तेव्हा मी उशीर केला नव्हता. उठून आलो.

२ मार्च
पट्टी. जाता-येता वेल्डाशी एक शब्द बोललो नाही. लेकीची बाजू घेते.

११ मार्च
माजी सैनिकांच्या क्लबात डेल्बर्ट भेटला. माझ्याच पलटणीतला. म्हणाला, एक छदाम देऊ नकोस त्यांना. या गावात अक्कल असलेला एवढा एकच माणूस उरलाय.

२३ मार्च
येताना घाटात धुकं. वेल्डा गाडी मधल्या रेषेवरून पलीकडे न्यायला लागली. समोरून लाकडाचा ट्रक. मी स्टिअरिंग ओढलं म्हणून वाचलो. कडेला थांबल्यावर तोंडाला येईल ते बोललो तिला.  मग म्हणाली, "डाव्या डोळ्याने दिसत नाही मला. नाताळपासून."
मग बोलली का नाहीस?
"बोलले असते तर तू पट्टीला जाणं सोडलं असतंस. पण दंड भरला नसतास."
पुढचा सगळा घाट खिडकीबाहेर डोकं काढून, दरीची कड बघत मी रस्ता सांगत होतो. डावीकडे. आणखी डावीकडे.

२८ मार्च
सकाळी मेडिकेअरच्या कागदावर सही केली, दंडासकट. दुपारी रनीटाच्या गाडीतून वेल्डाला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. आतला पडदा सुटलाय. जानेवारीत आला असतात तर परत चिकटवता आला असता, म्हणाले. ते तिच्याशी बोलत होते. ती माझ्याकडे बघत नव्हती.