न विचारता भरलेले उत्तर मागे घेण्याबाबत

दिनांक : १४ जुलै

प्रति,
मा. शिक्षण अधिकारी,
शालेय इंटरनेट जोडणी विभाग.

विषय : आमच्या शाळेतील गणिताच्या ज्येष्ठ शिक्षिकांची ‘मार्गदर्शक शिक्षक’ म्हणून झालेली निवड रद्द होण्याबाबत.

संदर्भ : आपली शिक्षक-दृष्टिकोन पाहणी, आपले निवडपत्र व माझे यापूर्वीचे तीन अर्ज.

महोदय,

१. वर्गात इंटरनेट आणण्याबद्दल शिक्षकांना काय वाटते, याची पाहणी आपण मार्चमध्ये केली. आमच्या नऊही शिक्षकांची उत्तरे मुदतीत पोहोचली म्हणून आपण शाळेचे कौतुकही केलेत. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही. ती नऊही उत्तरे मी एकट्याने भरली आहेत.

२. त्या दिवशी पेपर तपासण्यातून कोणाला मान वर करायला फुरसत नव्हती आणि संगणक कक्षातील जोडणी अवघी चाळीस मिनिटे टिकली. सहकारी म्हणाले, तूच टाक काहीतरी. माझ्यासकट आठ जणांना मी ‘तटस्थ’ करून टाकले. गणिताच्या बाई तेव्हा वर्गावर होत्या. त्यांना मी विचारलेच नाही.

३. मागच्या पाहणीत ‘प्रतिकूल’ ठरलेल्यांना आपण दृष्टिकोन-सुधार वर्गाला बोलावले होते. आमचे चित्रकलेचे शिक्षक तेथून परतल्यावर आठवडाभर कोणाशी धड बोलले नाहीत. बाईंनी मला पाचवीत अपूर्णांक शिकवले आहेत आणि त्यांच्या निवृत्तीला सात महिने उरले आहेत. त्यांच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून मी त्यांच्या तीसही प्रश्नांना ‘अत्यंत अनुकूल’ असे उत्तर दिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. साऱ्या विभागात सर्वांत अनुकूल त्याच निघाल्या.

४. आता २८ तारखेला त्यांनी दोनशे शिक्षकांसमोर इंटरनेटवरून पाठ घ्यायचा आहे. निवड झाली तोवर बाईंनी माउसला हातही लावला नव्हता. फॉर्मात त्यांचा म्हणून मी माझाच मोबाइल नंबर दिल्याने आपले अभिनंदन व निवडपत्र मलाच आले. अकरा दिवस मी बाईंपुढे मूग गिळून बसलो. त्याची मला लाज वाटते.

५. माझ्या पहिल्या अर्जावर, दुरुस्ती ऑनलाइनच करावी, असे उत्तर आले. करायला गेलो तर ‘अत्यंत अनुकूल’वरून खाली उतरण्याची सोयच नव्हती, तेथे दृष्टिकोन फक्त सुधारता येतो. दुसऱ्या अर्जावर शिक्षिकेच्या मोबाइलवरील ओटीपी मागितला गेला. तो माझ्याच खिशात वाजला. मी तो टाकला आणि बाईंची कार्यक्रमाला संमती नोंदली गेली. तिसऱ्या अर्जानंतर कार्यक्रमपत्रिकेसाठी त्यांचा फोटो मागवण्यात आला. इतक्या तत्परतेने आपल्या कार्यालयातून आजवर खडूचा डबाही आलेला नाही.

६. सोमवारी मी बाईंना सर्व सांगितले. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. माझ्या नावाने पत्र आले आहे तर जायला हवे, एवढेच म्हणाल्या. तेव्हापासून मधल्या सुट्टीत डबा न उघडता त्या संगणकासमोर बसतात. मी सांगेन ते वहीत लिहून घेतात. त्यांचा उजवा हात थरथरतो. फळ्यावर खडू टेकला की तो स्थिर होतो, पण माउसवर होत नाही. पडद्यावरचा बाण भलतीकडे पळतो, म्हणून त्या डाव्या हाताने उजवे मनगट धरून ठेवतात. सहावीच्या मुली दारातून पाहतात. मला ते बघवत नाही.

७. काल मी प्रथमच त्यांना आपल्या पाहणीतला प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, “माझा विरोध नाही रे. मुलांना दूरचं काही बघायला मिळत असेल तर मिळू दे की. भीती वाटते ती मला. त्यांना कशाला अडवायचं?” हे उत्तर आपल्या पाच पर्यायांपैकी कशात बसवावे, ते मला कळलेले नाही.

८. तरी बाईंची निवड रद्द व्हावी आणि खोटी उत्तरे भरल्याबद्दल जी शिक्षा असेल ती मला व्हावी. दृष्टिकोन-सुधार वर्गाला मी जाईन. मला त्याची गरज आहे.

नऊ जणांच्या नव्हे, फक्त स्वतःच्या वतीने,

आपला नम्र,
(सही)
विज्ञान शिक्षक व संगणक कक्ष प्रमुख

सोबत :
१) तिन्ही अर्जांच्या प्रती.
२) पाहणीचा कोरा नमुना. तो मी बाईंना भरायला दिला होता. त्यांनी एकाही प्रश्नावर खूण केलेली नाही. खाली लाल शाईत, आमच्या वह्यांवर देत तसा, शेरा आहे : “प्रश्न बरे आहेत. उत्तरे दुसऱ्याची आहेत. पुन्हा विचारावे.”