पत्रिकांच्या पाठीवरचे शब्द

१९ नोव्हेंबर, अमरावती
अकोल्याहून दिनकरचं पार्सल. वऱ्हाडी शब्दांचं पुस्तक, वर त्याच्या एकट्याचं नाव. आत ‘अनेकांचे सहकार्य लाभले’. त्या अनेकांत मी एक. बावीस वर्षं मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर एकेक शब्द लिहून ठेवला. टाइप करून देतो म्हणाला म्हणून दोन्ही पेट्या त्याच्या हवाली केल्या. एका शाळेत नोकरी केली, भाऊ मानला. परवा भाऊबीजेला पाटावर बसून ओवाळून घेतलं, अनारसे खाल्ले. पुस्तक तेव्हा छापून तयार असणार. तोंडातून अवाक्षर नाही.
जेवण गेलं नाही.

२० नोव्हें.
फोन केला, रडायचं नाही असं ठरवून. तो हसत होता. “ताई, तुमी कुटं छापनार होत्या? पेटीतच पडून रायले असते. भाषेचं काम झालं ना?”
आपलं काही चुकलं हे त्याच्या गावीच नाही. वर, पुढच्या आवृत्तीसाठी आणखी पत्रिका असतील तर पाठवा म्हणे. चोर तो चोर, वर शिरजोर.

२१ नोव्हें.
याला म्हणायचं काय, सकाळपासून तेच डोक्यात. निर्लज्ज? नाही, चार लोकांत फार जपून वागतो. निर्ढावलेला? त्याला आधी पुष्कळ करून झालेलं असावं लागतं. दि.चं हे पहिलंच, निदान मला माहीत असलेलं. मग कोडगा. किती बोला, ज्याला लागतच नाही तो. पुस्तकात शोधला. अर्थ माझा, स्वल्पविरामासकट. खाली वाक्यही तेच: ‘मारलं तरी हासते, असा कोडगा.’ अंगाचा तिळपापड झाला. शिवी द्यायची तर तीसुद्धा आता याच्या नावावर.

२३ नोव्हें.
पुस्तक घेऊन मूर्तिजापूरला, रशीदाआपांकडे. पूर्वी आमच्या गल्लीत ब्लाउज शिवायच्या, आता लेकीजवळ असतात. निम्मे शब्द त्यांच्या मशीनपाशी बसून ऐकलेले. कोडग्याचं वाक्य त्यांचंच, धाकट्या लेकावर चिडून म्हटलेलं. वाटलं, आपा तरी माझ्या बाजूने बोलतील. दि.चं सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून ते पान वाचलं, जरा हसल्या. मग म्हणाल्या,
“बाई, तुमच्या पत्रिकेवर माहं नाव होतं काय?”
नव्हतं. एकाही पत्रिकेवर कुणाचं नव्हतं. बावीस वर्षांत मला सुचलंच नाही.
आपा रागावल्या नाहीत, चहा ठेवला. तेच जास्त लागलं.
परतीच्या गाडीत मनाला सांगत राहिले, माझं वेगळं आहे. मी काही पुस्तकावर स्वतःचं नाव... घातलंच असतं की. एकटीचंच.

२५ नोव्हें.
दि.ला पत्र लिहायला घेतलं. पाच ओळींत ‘कोडगा’ दोनदा आला, दोन्हीदा खोडला. राग गेलेला नाही, जाऊही नये. त्याने दगा दिला तो दिलाच. पुढच्या आवृत्तीत नावं घाल, असं लिहिलं. कुणाची, ते लिहायला बसले.
रशीदाआपा.
मग मी.
मोर्शीला संत्र्याची कलमं बांधणारी बाई. तिने एका दुपारी पन्नासेक शब्द दिले होते, वर निघताना पाणी पाजलं होतं. तिला नाव विचारल्याचं आठवत नाही.