हातापायांचं जैसे थे

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. खरोखर घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील, आणि घरात आता माणसंच दोन, त्यातला एक मी.) तुझी कंबर कशी आहे? भावजींचा खोकला? त्यांना म्हणावं, खोकत राहा, घरात कोणीतरी आहे हे कळतं.

आमच्या भिंगरीला कायमचं ठेवून घेणाऱ्या त्या संस्थेचा तू पाठवलेला फॉर्म मिळाला. त्याचं शेवटी बघू, आधी हकिकत ऐक.

ही गेल्यापासून भिंगरी दाराजवळच्या स्टुलावर बसून होती, हे तुला ठाऊकच आहे. चोवीस वर्षांची पोर, समज सहा-सात वर्षांची असं डॉक्टर म्हणतात. पण दुकानात बटणं निवडायला बसली की दोन भोकांचं बटण चार भोकांच्या डब्यात जाईल तर शपथ. (माझ्या हातून आठवड्यातून दोनदा जातं.) तर तिने बटणं सोडली, बोलणं सोडलं, जेवण निम्म्यावर आणलं आणि आईच्या चपलांकडे बघत बसली. मी म्हणायचो, हट्टी आहे. डॉक्टरीणबाईंनी मला चांगलंच झापलं. हे दुःख आहे, म्हणाल्या, अशा मुलांचं मन खचलं की लोक त्याला स्वभाव समजतात. गोळी थोडी आणि हालचाल भरपूर, असं लिहून त्यांनी आमची रवानगी व्यायामाच्या वर्गात केली. एका सभागृहात रोज सकाळी भिंगरीसारखी तरुण मुलंमुली जमतात, प्रत्येकाबरोबर घरचं एक माणूस.

शिकवणाऱ्या बाईंच्या गळ्यात सदा शिट्टी, म्हणून त्या शिट्टीबाई. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना वाकायला लावलं. चाळीस वर्षं मशीनवर वाकलेला माणूस मी, म्हटलं, हा तर आपला प्रांत. वाकलो, आणि पँटची मागची शिवण टर्रकन उसवली. अर्ध्या वस्तीचे कपडे शिवणाऱ्या शिंप्याची शिवण! अख्खा वर्ग हसून लोळला. भिंगरी हसली नाही. ती माझ्या मागे येऊन मला चिकटून उभी राहिली, वर्ग सुटेपर्यंत, कोणाला दिसू नये म्हणून. मला रडू आलं गं. शिट्टीबाईंना वाटलं कंबर लचकली, त्यांनी मलम चोळलं.

तिथे प्रत्येक प्रकार झाला की शिट्टीबाई ओरडतात, 'जैसे थे!' भिंगरीने मला विचारलं, जैसे थे म्हणजे काय? (सात महिन्यांतला पहिला प्रश्न. मी हुरळून गेलो.) मी म्हटलं, म्हणजे सगळं परत पहिल्यासारखं.

झालं. दुसऱ्या दिवसापासून पोरीच्या अंगात वारं शिरलं. हात सगळ्यांत उंच, उड्या सगळ्यांत जास्त, आणि शेवटचं जैसे थे झालं की घरी अशी धावायची की मी दोन कोपरे मागे. मी इस्त्रीवाल्यापासून वाण्यापर्यंत सगळ्यांना सांगत सुटलो, व्यायामाने जादू केली! तीन आठवडे मी ही फुशारकी मारली. मग एक दिवस रिक्षा करून तिच्याबरोबरच पोचलो. तिने कुलूप काढलं. स्वयंपाकघरात बघितलं, पडद्यामागे बघितलं, वाकून पलंगाखाली बघितलं. मग स्टुलावर येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, आज नीट नाही झालं. उद्या हात अजून वर करते."

मी भित्रा माणूस. तिला काही न सांगता शिट्टीबाईंना शब्द बदलायला सांगितला. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, 'संपलं.' सगळ्यांचे हात खाली आले, भिंगरीचे वरच. दंड थरथरायला लागले तरी वरच, जैसे थे ऐकायला. शेवटी मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि सांगितलं, बाबाने चुकीचं सांगितलं, जैसे थे फक्त हातापायांचं असतं. आई येणार नाही.

तिने आपणहून हात खाली घेतले आणि मोठ्याने रडली, ही गेल्यानंतर पहिल्यांदा. अख्खा वर्ग तिच्याभोवती जमिनीवर बसला.

वाटलं, आता पोर परत स्टूल धरणार. पण दुसऱ्या दिवशी माझ्याआधी बूट घालून तयार. वर्गातल्या एका मुलीला डावं-उजवं कळत नाही म्हणे, भिंगरीशिवाय तिचं अडतं. परवापासून बटणंही निवडायला लागली आहे.

भावजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. फॉर्म भरला नाही. मागची बाजू कोरी होती, तिच्यावर एका सैल पँटचा नमुना कापला. रागावू नकोस.

ता. क. दुसरा. डॉक्टरांनी मला उड्या बंद केल्या आहेत, छातीत काहीतरी कुरकुर आहे. घरचं माणूस नसेल तर भिंगरीला वर्गात घेत नाहीत. दोन महिने येशील? पत्र खरं याचसाठी लिहिलं. ती पँट तुझीच आहे. (कंबर अंदाजाने धरली आहे. परत, रागावू नकोस.)

ता. क. तिसरा. भिंगरी हल्ली रमतगमत घरी येते. धावतो तो मी. कुलूप उघडतो आणि आधी स्वयंपाकघरात डोकावतो. ती मागून येऊन माझा हात धरते आणि म्हणते, "बाबा, फक्त हातापायांचं."