खेचर घ्यावं की नाही

आई, पुढच्या आठवड्यात मी हिमाचलात चालले आहे, डोंगर चढायला. कुणी बळजबरी केली म्हणून नाही, चांगली हौसेने. पाठीवर सगळं बिऱ्हाड घेऊन चालायचं, संध्याकाळी तंबू ठोकायचा, सकाळी तो गुंडाळून पुन्हा वाटेला लागायचं. पन्नाशी उलटल्यावर हे खूळ कुठून शिरलं, असं तू विचारशील, तर माझ्याकडे धड उत्तर नाही. कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर साताऱ्याकडची एक मैत्रीण बसते. ती कधीपासून मागे लागली होती. एका दुपारी डबा खाताना मी हो म्हणून बसले आणि तिने हात धुवायच्या आत दोघींची नावं घालून टाकली. आता दिवस जवळ आले तशी मी सकाळी ठरवते की जायचं, आणि संध्याकाळपर्यंत ठरवते की नको.

बॅग बोईसरच्या बाजारातून आणली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, वजन कंधे पे नहीं, कमर पे लेने का," आणि त्याने मला एवढे पट्टे आवळले की श्वास कुठून घ्यायचा हे विचारावं लागलं. घरी येऊन तिच्यात तांदूळ भरले आणि कॉलनीचे जिने चढायला-उतरायला सुरुवात केली. शेजारीण दारात उभी राहून विचारते, "ताई, भांडून निघालात का कुठे?" वाटेत खायला म्हणून मी बोंबील भाजून चटणी केली, तर मैत्रीण म्हणते, "त्या वासात मी तंबूत झोपू कशी?" मी म्हटलं, मग बाहेर झोप. एवढ्या एका बाबतीत तू माझ्या बाजूची असशील याची मला खात्री आहे. बाकी कशाचीच नाही.

कारण परवा सहल नेणाऱ्या मुलाचा फोन आला. "मॅम, तुमची बॅग खेचरावर टाकायची का? बऱ्याच जणी टाकतात. दोन-तीन दिवसांत कळवा." साधा प्रश्न आहे. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिथल्या तिथे हो किंवा नाही म्हणाली असती. मी मात्र तेव्हापासून घरात नुसती फिरते आहे, आणि याला कारण तू आहेस.

मी सातवीत असेन. सातपाटीच्या घरी ओट्यावर तुझी मासळीची पाटी भरून ठेवलेली आहे, वर ओलं फडकं. तू चुलीपाशी भाकरी थापते आहेस. शेजारच्या मुली त्यांच्या आयांबरोबर वाड्या-वाड्यांत मासळी विकायला निघाल्या आहेत, त्यांची हसाहस गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येते. मी तुझ्या जुन्या लुगड्याची चुंबळ वळते, डोक्यावर ठेवते आणि पाटीला हात घालते. तू पिठाच्या हातानेच बाहेर येतेस, माझं मनगट धरतेस. ओरडत नाहीस, याचीच मला जास्त भीती वाटते. "ठेव. खाली ठेव आधी. ही पाटी तुज्या डोक्यावर मी कदी द्याची नाय." मी शाळेत गेले. दिवसभर मनगटावर पीठ वाळून खाजत होतं.

पुढे गावात सगळे तेच म्हणायचे: बाईने पाटी वाहून पोरीला शिकवलं. मीही तेच म्हणत आले, नोकरी लागली तेव्हा, लग्नात, तू गेलीस तेव्हा तर भेटायला आलेल्या प्रत्येकाला. आणि ते जपायचं म्हणून मी कधी जड काही उचललं नाही, लांब कुठे पायी गेले नाही, भाजीच्या दोन पिशव्या झाल्या तरी रिक्षा केली. तू जन्मभर ओझं वाहिलंस ते माझ्या वाट्याला येऊ नये म्हणून, आणि आता मी हौसेने ओझं घेऊन मिरवायला निघाले. ही तुझ्या कष्टांची थट्टा नाही का? बरं, खेचर करावं तर माझं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर, तेही घशाखाली उतरत नाही. आणि घरीच राहावं, तर नाव घातलेलं.

रविवारी सरावाला म्हणून सातपाटीला गेले. बंदरापासून भरलेली बॅग घेऊन शिरगावच्या रस्त्याला लागले. थोड्याच वेळात खांदे पेटले. कमरेचा पट्टा माझ्या पोटावर टिकेना, सारखा वर सरके. शेवटी वैतागून बॅग उतरवली, ओढणीची चुंबळ केली आणि बॅग घेतली डोक्यावर. आई, मला कुणी हे शिकवलेलं नाही. पण मान आपोआप ताठ झाली, पाय सरळ पडायला लागले, एक हात मोकळा झुलायला लागला. मी चक्क भरभर चालत होते. रस्त्याकडेला बायका बोंबील वाळत घालत होत्या, त्या हातातलं काम टाकून हसायला लागल्या.

त्यांत ती मावशी होती, तुझ्याबरोबर वर्षानुवर्षं पाटी घेऊन जायची ती. आता पाठीत वाकली आहे. "अगो बाय, ती पिशवी पाठीची हाय ना? डोक्यावर कशाला घेतली?" तिने मला सावलीत बसवलं, पाणी दिलं. मी तिला सगळं सांगितलं, अगदी खेचरासकट, आणि विचारलं, आई असती तर काय म्हणाली असती?

"तुजी आयस? ती तुज्या पुडं निघाली असती."

मी म्हटलं, मावशी, तिने माझ्यासाठी किती वाहिलं.

"तुज्यासाठी वाहिला, मी कुटं नाय म्हनतंय. पन टेम्पो सुरू झाला तवा आमी समद्या टेम्पोत बसलो. ती बसली का? 'तुमी जा, मी येतंय चालत.' घरात तिचा जीव लागायचा नाय. आनि पाटीला कोनाला हात लावू द्याची नाय. माज्या पोरीला पन नाय."

मला वाटायचं, तू भाडं वाचवायला चालतेस. तू कधी तसं म्हणाली नव्हतीस, पण मी तसं समजले तेव्हा तू ते खोडूनही काढलं नाहीस. आता मात्र आठवतं, घरी आल्यावर वाड्यांमधल्या गोष्टी सांगताना तुझा चेहरा कसा खुलायचा. कुणाच्या ओट्यावर चहा झाला, कुणाच्या सुनेने सासूला कसं गप्प केलं, कुठल्या आंब्याला मोहोर आला. थकलेली बाई असं बोलते का? मग पिठाच्या हाताने माझं मनगट धरणारी ती कोण होती? मला वाचवत होतीस, की तुझं जे होतं ते कुणाला द्यायचं नव्हतं तुला? दोन्ही असेल. माझ्या डोक्यात दोघी एका जागी बसत नाहीत. एकदा वाटतं, सुटले बाई, थट्टाबिट्टा काही नाही, जावं खुशाल. आणि लगेच तुझा राग येतो, इतका की चहा गॅसवर उतू जातो.

आज त्या मुलाला कळवलं की खेचर नको. त्याने विचारलं, "नक्की ना, मॅम?" मी नक्की म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर पुन्हा घरभर फिरले.

एक मात्र मला कळलं आहे. सातवीतल्या त्या सकाळी मला तुझं ओझं हलकं करायचं नव्हतंच, मला तुझ्याबरोबर यायचं होतं. एकदा तरी तू मला न्यायला हवं होतंस. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तू असतीस तरी हे पत्र मलाच तुझ्यासमोर बसून वाचून दाखवावं लागलं असतं, आणि एवढं एक वाक्य मी गाळलं असतं.