रविवारचे निबंध

प्रिय अहोआई,

तुमच्या मुलापासून वेगळी होऊन तीन वर्षं झाली, तरी लिहायला बसले आणि हाताने आपोआप 'अहोआई'च लिहिलं. राहू दे तसंच. लॉ कॉलेजात प्रवेश मिळाल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा तुम्ही "अगं बाई!" म्हणालात आणि मग नुसतं नाक ओढत राहिलात. त्या गडबडीत आभार मानायचे राहूनच गेले.

दातांच्या दवाखान्यात पेशंटची नावं पुकारता पुकारता प्रवेश परीक्षेच्या बाकीच्या प्रश्नांची तयारी जमत होती. धडकी भरायची ती निबंधाची. एक प्रश्न, दोन मतं. एक बाजू घ्यायची आणि ती पटवून द्यायची. मी दोन्ही मतांची तोंडभर स्तुती करायची आणि शेवटी लिहायची, दोन्ही बरोबर आहेत. पहिला निबंध तुम्ही मटार सोलत वाचलात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. म्हणालात, "अक्षर सुरेख आहे. पण तुझं म्हणणं काय?" मी म्हटलं, दुसऱ्या बाजूलाही मुद्दा आहे ना! "असू दे की. त्याला उत्तर दे आणि पुढे चल. वॉर्डात मेट्रन असताना मी पेशंटला 'दोन्ही गोळ्या चांगल्या आहेत' एवढंच सांगून घरी गेले असते तर?"

तेव्हापासून दर रविवारी मी जी बाजू घेईन तिच्या नेमकं उलट तुम्ही बोलायचात. बाजाराच्या रस्त्यावर गाड्या बंद कराव्यात, असं मी म्हटलं त्या दिवशी तर तुम्ही दुकानदार होऊन असा काही आवाज चढवलात की शेजारच्या काकू हातातलं काम टाकून धावत आल्या. "काही नाही हो, हिला वकील करतेय," तुम्ही म्हणालात. त्या दिवशी पहिल्यांदा मी मागे हटले नाही. तुम्ही टेबलावर थाप मारलीत, "आता बस आणि हेच लिही!" परीक्षेत प्रश्न वेगळा आला, पण लिहिताना समोर तुम्हीच भांडत होतात.

एक गोष्ट कधी बोलले नाही. तुमच्या घरात होते तोवर कशालाही माझं उत्तर ठरलेलं असायचं, 'तुम्ही म्हणाल तसं'. घर कुठे घ्यायचं, नोकरी करायची की नाही, सगळ्याला तेच. तुमच्या मुलाचा दोष नव्हता असं नाही, पण मला काय हवंय हे त्याला माझ्याकडून कधी कळलंही नाही. आम्ही वेगळे झालो तेव्हा सगळे मला समजवायला आले. तुम्ही एकट्याच 'तुला काय हवंय' असं विचारायला आलात. चहा गार होईपर्यंत शेजारी बसून राहिलात. मी लिहायला शिकले ती पुढे, पण सुरुवात तिथे झाली.

काल तुमचा फोन आला. तुमचा मुलगा नव्या बायकोला घेऊन येतोय, आता तुमच्याकडेच राहणार. "पोरी, तू रविवारी येतेस, ती विचारेल ही कोण, तर मी काय सांगू गं?" तुमचा आवाज इतका अवघडलेला मी कधी ऐकला नव्हता. त्याचं उत्तर म्हणून हे पत्र. सून आता ती आहे, आणि ती जागा तिचीच. तिला वाईट वाटेल असं मी काही करणार नाही. पण मला यायचं आहे, आणि लपूनछपून नाही. तिने विचारलं तर सांगा, ही माझी मुलगी. मान्य नसेल तर येत्या रविवारी मी दारात उभी राहीन तेव्हा तोंडावर सांगा; त्याआधी फोन करू नका.

तुमचीच,
मुलगी