काटा नसलेलं झुडूप

चैत्र वद्य ५, शके १७८६. अमरावती.
अंजनगावाहून सासऱ्यांचा गडी आला. म्हणाला, वावराच्या बांधावरची, धुऱ्यावरची सारी झुडपं तोडली, नांगर फिरला, यंदा तिथंही कापसाची पऱ्हाटी लावणार. त्यातल्या पांढऱ्या फुलांच्या झुडपाखाली आमची पोर पुरली आहे. गेल्या वैशाखात. हिचं पहिलं बाळंतपण माहेरीच झालं होतं.
ही हार ओवत होती. एवढंच म्हणाली, "तेच झुडूप कावून तोडलं?" हार तसाच टाकून उठली.

वैशाख शु. ३.
अंजनगावला पायीच गेलो. बैलगाडी मिळेना, सगळ्या कापसाच्या बोंदऱ्या वाहण्यात. सासऱ्यांना नेमकी जागाही दाखवता येईना. वावरभर काळी ढेकळं. "जवाई, सारेच धुरे मोडून राहिले. मले वाटलं, एवढंसं तर हाये." ढेकळांत एक मुळाचं खोड सापडलं, ओल्या पोत्यात गुंडाळून आणलं. त्याच झुडपाचं म्हणतात. तिथं कुणाला नाव ठाऊक नाही.

वैशाख शु. ८.
खोड विहिरीजवळ लावलं. ही रोज पाणी घालते. आमचा मोगरा बहरला आहे, त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

ज्येष्ठ शु. २.
खोड नखाने खरवडलं. आत कोरडं. हिने आधीच पाहिलं असावं.

ज्येष्ठ वद्य ६. अकोला.
एका लग्नाच्या हारांच्या कामाला आलो होतो. बाजारात जडीबुटीवाल्याला सासऱ्यांकडून ऐकलेलं सांगून झुडपाचं नाव विचारलं : सकाळी पांढरं, दुसऱ्या दिवशी पिवळं, वास खळ्यापर्यंत. "गेळ असन." शेजारचा म्हातारा म्हणे, "काटा होता का? असन तर गेळ, नसन तर डिकेमाली." दोघांची जुंपली. मला काहीच सांगता येईना, मी ते फुललेलं कधी पाहिलंच नाही.

ज्येष्ठ वद्य ९. अमरावती.
हिला विचारलं, काटा होता का?
"नवता. पोरीले मांडीवर घेऊन तिथंच तर बसत जाव मी. कळीले चिक असे. तिच्या टाळूले लागला होता, निघता निघेना."
वर्षभरात पोरीबद्दल इतकं पहिल्यांदाच बोलली. म्हणजे डिकेमाली.

आषाढ शु. १.
पुन्हा अकोल्याला जाऊन आलो. म्हाताऱ्याने वाळकी फळं दिली, डिकेमालीचीच म्हणून. घरी मुरूम आणून वाफा केला, बी टाकलं.

श्रावण वद्य ४.
उगवलं! बहुतेक सडलं, पण एक रोप धरलं आहे. पावसाचा मार लागू नये म्हणून हिने वर सूप धरलं, स्वतः भिजत.

भाद्रपद वद्य १०.
हिला दिवस गेलेत. मला आईकडून कळलं.

कार्तिक शु. १२.
रोपाला पानांच्या बगलेत काटे आले. बारीक, पण काटेच. गेळ निघालं. म्हातारा फसला की त्याने फसवलं, कोण जाणे. डिकेमालीचं बी आता कुठून आणू? ती होते म्हणतात ती डोंगराकडची रानं तोडणं चालूच आहे.
संध्याकाळी हिच्या बोटाला रक्त दिसलं. "काय झालं?" "काई नाही." पाणी घालणं थांबलेलं नाही. नेमकं काय समजून घालते, विचारायचं धाडस होत नाही.

माघ शु. ७.
सासरे गाडी घेऊन आलेत, हिला बाळंतपणासाठी न्यायला. ही वाफ्याजवळून हलेना.
"मी त्या वावरातून येणार नाही."
"लेकी, ती वाट सोडून दुसरीकडून नेतो तुले."
"दुसरीकडूनबी पऱ्हाटीच हाये ना, बाबा?"
सासरे ओसरीवर बसलेत. पाणी दिलं, घेतलं नाही. गाडीचे बैल अजून सोडलेले नाहीत. दोघंही माझ्याकडे पाहताहेत.