केसपेपरावर नसलेली एक गोष्ट

आपा, तुम्ही गेलात त्याला आता बारा वर्षं होतील, आणि इतक्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं एकदाही माझ्या मनात आलं नाही, हे आधीच सांगून टाकते. आज रविवार आहे. नळाला पाणी यायचा दिवस आहे, त्यामुळे टाकी भरेपर्यंत मला घरातून हलता येत नाही, आणि कालपासून माझं डोकं इतकं तापलंय की कुणाशी तरी भांडल्याशिवाय ते निवायचं नाही. ह्यांनी सकाळी माझा चेहरा बघितला, गुपचूप पिशवी उचलली आणि बाजार गाठला. तेव्हा म्हटलं, तुमच्याशीच भांडावं. तसंही हे सगळं तुमच्यामुळेच झालंय.

मी आता एका खाजगी दवाखान्यात नर्सिंगच्या ट्रेनिंगची प्रमुख आहे. तुम्ही हसला असता. टेंपरेचर घेताना थर्मामीटर फोडणारी पाचोडची पोरगी आता एसीच्या खोलीत बसते आणि दारावर तिच्या नावाची पाटी आहे. नव्या मुली आल्या की तीन आठवडे त्यांना शिकवायचं, वॉर्डात सोडायचं, आणि सहा महिन्यांचं प्रोबेशन संपलं की त्यांना कायम करायचं की घरी पाठवायचं त्या कागदावर सही करायची, हे माझं काम. असा एक कागद सध्या माझ्या पर्समध्ये आहे. उद्या दहा वाजेपर्यंत तो वरच्या मजल्यावर पोचला पाहिजे. कागद ज्या मुलीचा आहे ती फर्दापूरची. तिची आई लेण्यांच्या पायथ्याशी पर्यटकांना चहा-पोहे विकते, त्यामुळे अनोळखी माणसाशी बोलायला तिला जराही संकोच वाटत नाही. हातही चांगला आहे तिचा. पहिल्या टोचण्यात शीर सापडते. तुम्ही तिला लगेच जवळ केलं असतं.

तिचा गुन्हा सांगते. आपल्या वेळी ड्युटी संपवणारी नर्स येणाऱ्या नर्सला एकेका खाटेपाशी उभं राहून पेशंट सोपवायची, त्याला आपण ओव्हर देणं म्हणायचो. आता ते टॅबवर होतं. बी.पी., शुगर, सलाईन, लघवी, सगळ्याचे रकाने ठरलेले, बोटानं टिचकी मारायची आणि पुढच्या पेशंटवर जायचं. पाच-सहा मिनिटांत अख्खा वॉर्ड सोपवून होतो. खाटेपाशी जावंही लागत नाही, काउंटरवर बसून होतं. ही मुलगी टॅब भरायची, त्यात कधी एक चूक नाही, पण शिवाय कागदाच्या चिठ्ठ्या लिहून त्या खाटेच्या पायथ्याशी चिकटपट्टीनं लावायची. अशाच एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'आजोबांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजवीकडून बोला. नातीचं लग्न ठरलंय. विचारलं की औषध घेतात.' ऑडिटला आलेल्या माणसानं त्या चिठ्ठीचा फोटो काढला. अनधिकृत कागद, पेशंटची खाजगी माहिती उघड्यावर, ठरलेल्या पद्धतीचं उल्लंघन. क्वालिटीवाल्यांनी मेमो तयार केला आणि प्रोबेशनच्या कागदाला जोडला. त्यांचं अगदीच चुकीचं आहे असंही मला म्हणता येत नाही. नातीचं लग्न ही खाटेला चिकटवायची गोष्ट नाहीच. पण मग ते लिहायचं कुठं, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही, आणि खरं सांगायचं तर विचारायला कुणी गेलंही नाही.

शुक्रवारी मी तिला खोलीत बोलावलं आणि चांगलंच झापलं. हे खूळ तुला कुणी शिकवलं, असं विचारलं. ती इतकी सरळपणे बघत होती माझ्याकडे की मीच नजर फिरवली. म्हणाली, "तुमीच शिकवलं ना मॅडम. पयल्या आठवड्यात. त्या इन्सुलिनवाल्या बाबाची गोष्ट सांगितली व्हती तुमी."

तर आपा, आता ती गोष्ट. तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मला एकदा ती जशी घडली तशी लिहून काढायची आहे, कारण दर बॅचला सांगून सांगून तिचे सगळे कोपरे घासून गेलेत.

सरकारी दवाखान्याचा तो पुरुषांचा वॉर्ड, दोन खाटांच्या मध्ये जमिनीवरही गाद्या. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तुम्ही वॉर्डच्या सिस्टर. तुमचा एक नियम आहे आणि तो आम्हा सगळ्या पोरींना जाच वाटतो. ओव्हर देऊन झाली की प्रत्येक खाटेपाशी तुम्ही थांबता आणि म्हणता, आता केसपेपरावर नसलेली एक गोष्ट सांग. चाळीस पेशंट, पाय दुखतायत, पोटात कावळे ओरडतायत, आणि ह्या बाईला पेशंटच्या घरच्या गोष्टी ऐकायच्यात. आम्ही सरळ थापा मारायचो, आपा. हॉस्टेलमध्ये बसून ठरवायचो. ह्यांना चहा आवडतो, त्यांना झोप लागत नाही, हे स्वभावानं शांत आहेत. तुम्हाला कळत असणारच. तुम्ही नुसतं बघायचात आणि पुढच्या खाटेकडे वळायचात.

अकरा नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला मी जेवणाआधी इन्सुलिन दिलंय. ताट रिकामं परत आलंय. मी कागदावर 'पूर्ण जेवण घेतलं' असं सुंदर अक्षरात लिहिलंय. दोनच्या ओव्हरला मी त्याची सगळी माहिती धडाधडा सांगते आणि तुम्ही विचारायच्या आतच पुढे म्हणते, बाबा स्वभावानं शांत आहेत. तुम्ही त्याच्या कपाळाला हात लावता. कपाळ ओलं आहे, सदरा पाठीला चिकटलाय, आणि हाक मारली तर तो नीट बघतही नाही. पुढची दहा मिनिटं मला धड आठवत नाहीत. तुम्ही ग्लुकोज मागवलं, शीर तुम्हीच शोधली, डॉक्टर पळत आले. तो शुद्धीवर आल्यावर तुम्ही त्याच्या उशाशी बसलात आणि अगदी हळू विचारलंत, "बाबा, पोळ्या कुणाला दिल्या? खरं सांगा, मी रागवत नाय." त्यानं दरवाजाकडे बोट केलं. बाहेर व्हरांड्यात त्याची बायको बसली होती, खुलताबादच्या पलीकडच्या कुठल्या तरी वाडीची. चार दिवस तो आपल्या ताटातलं निम्म्याहून जास्त रोज तिला देत होता. पेशंटला जेवण मिळतं, नातेवाइकांना मिळत नाही. ती पदरात पोळ्या बांधून न्यायची आणि ताट मात्र चकचकीत परत यायचं.

डॉक्टर चिडले होते. इन्सुलिन कुणी दिलं, जेवण बघितलं कुणी, त्यांना लेखी पाहिजे होतं. मी औषधांच्या ट्रॉलीमागे उभी होते आणि घरी जाऊन वडिलांना काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते. तेव्हा तुम्ही म्हणालात, "पोरगी माझ्या हाताखाली हाय. लिवायचं तर माझं नाव लिवा." आणि तुमचंच नाव लिहिलं गेलं. तुम्हाला त्याचं उत्तर द्यावं लागलं, मेट्रनपुढे उभं राहावं लागलं, ते मला कितीतरी महिन्यांनी दुसऱ्या कुणाकडून कळलं.

मला मात्र तुम्ही सोडलं नाहीत. वॉर्डातल्या त्या किचनमध्ये, जिथं दूध तापवायचं आणि भिंतीवर सगळीकडे काजळी होती, तिथं नेऊन दार लोटलंत. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. तुम्ही दुधाखालचा गॅस बारीक केलात आणि म्हणालात, "ताट रिकामं दिसलं म्हंजी माणूस जेवला व्हय? ताट मावशीबी मोजती. तुला शिकवून काय उपेग मंग?" एवढंच. मग एक ताट वाढून माझ्या हातात दिलंत आणि व्हरांड्यात पाठवलंत. त्यानंतर तो म्हातारा घरी जाईपर्यंत रोज दुपारी मी त्याच्या बायकोला ताट नेऊन द्यायची, ती जेवेपर्यंत शेजारी बसायची, आणि तुम्हाला येऊन सांगायची की आज ती काय बोलली. शिक्षाच होती ती, पण आठवड्याभरात मी तिच्या दोन म्हशींची नावं सांगू शकत होते. आमचं तिसरं वर्ष संपलं तेव्हा तुम्ही मला एक वही दिलीत. टेंपरेचर चार्टच्या कोऱ्या पाठींची, दाभणानं शिवलेली, खिशात मावेल एवढी. पेशंटच्या केसपेपरावर नसलेल्या गोष्टींनी ती भरली, मग मी तशीच दुसरी शिवली. अशा सात वह्या माझ्या कपाटात आहेत.

ही गोष्ट मी दर बॅचला सांगते. पडद्यावर एका खाटेचं चित्र दाखवते, मध्ये योग्य जागी थांबते, आणि 'ताट रिकामं दिसलं म्हणजे माणूस जेवला का' म्हटलं की मुली हमखास पेन खाली ठेवतात. एकदोघींच्या डोळ्यांत पाणी येतं. मॅनेजमेंटच्या लोकांनाही फार आवडते. मागे एकदा पाहुण्यांसमोर मला मुद्दाम सांगायला लावली. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. आणि त्याच आठवड्यात मी टॅबच्या फॉर्मच्या मीटिंगला बसले होते.

फॉर्ममध्ये सगळ्यात खाली एक मोकळा रकाना होता, आपा. 'इतर माहिती'. मीच भांडून तो ठेवून घेतला होता, तुमच्या नावानं. वर्षभर मुलींनी त्यात काय लिहिलं ते मी काढून बघितलं. 'काही नाही.' 'काही नाही.' 'काही नाही.' किंवा नुसती एक रेघ. मला राग यायला हवा होता, मी वॉर्डात जायला हवं होतं, एकेकीला खाटेपाशी उभं करून विचारायला हवं होतं, जसं तुम्ही करायचात. ते सोडून मी काय केलं? ऑडिटमध्ये रिकामा रकाना ही त्रुटी धरतात, आणि आपल्या विभागाच्या नावावर त्रुटी नकोत, म्हणून तो रकाना काढून टाका, असं मीच सुचवलं. कुणी मला भाग पाडलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा आला, मीटिंग संपली. त्यानंतर वर्षाच्या आत ही फर्दापूरची मुलगी आली, तिच्याकडे लिहायला होतं आणि लिहायला जागा नव्हती. म्हणून तिनं चिकटपट्टी घेतली.

तुमच्या शेवटच्या आजारात मी तुम्हाला भेटायला आले होते, ते आठवतं. खुलताबादहून मुलानं तुम्हाला शहरातल्या दवाखान्यात आणलं होतं. सगळं स्वच्छ, मशीन पिकपिक करतंय, मुली येऊन बरोबर वेळेला सगळं करून जातायत. मी विचारलं, कशा आहेत मुली. तुम्ही म्हणालात, "चांगल्या हायत. सुई दुखत नाय. पन मला सात नंबर म्हंत्यात." आणि हसलात. मी पण हसले. बाहेर पडताना त्यांच्यापैकी एकीला थांबवून सांगावं असं वाटलं, की बाई, या सात नंबरनं आयुष्यभर पोरी घडवल्या, जरा बोल तिच्याशी. पण माझी रिक्षा थांबली होती. मी निघून गेले. चार दिवसांनी तुम्ही गेल्याचा फोन आला.

पाणी आलं होतं मधे. टाकी भरून आले. ह्यांनी मेथी आणलीय आणि निवडत बसलेत.

शुक्रवारचं एक सांगायचं राहिलं. तिला झापून झाल्यावर मी म्हटलं, जा आता. ती दारापर्यंत गेली आणि वळून तिनं विचारलं, "मॅडम, त्या गोष्टीतल्या पोरीचं काय झालं? काढून टाकलं का तिला?" मी गोष्टीत नेहमी 'एक विद्यार्थिनी' म्हणते, आपा. ती मी होते, हे आजवर एकाही बॅचला सांगितलेलं नाही. आणि तुम्ही स्वतःचं नाव लिहायला लावलंत, ते तर मी गोष्टीत घेतलंच नाही कधी, कारण मग पुढचा प्रश्न काय येईल ते मला ठाऊक होतं. मी तिला म्हटलं, "मला माहीत नाही." ती बरं म्हणाली आणि ड्युटीवर गेली.

हे पत्र मी त्या सात वह्यांपैकी शेवटच्या वहीत दुमडून ठेवणार आहे. तुम्हाला पाठवायला पत्ता नाही आणि दुसऱ्या कुणाला दाखवायची माझी हिंमत नाही. पण आता एवढं लिहिलंच आहे तर हेही लिहिते. पर्समधल्या त्या कागदावर सही करायची बाकी आहे असं तुम्हाला वाटलं असेल. सही मी काल संध्याकाळीच केली, 'कायम करू नये' या ओळीच्या खाली. त्याच्याही खाली विभागप्रमुखाच्या शेऱ्यासाठी चार ओळींची मोकळी जागा होती. मी पेन धरून बराच वेळ बसले होते. मग लिहिलं, 'काही नाही'.